काळोखी

रोपं घ्यायला आलेला शेतकरी ट्रेवर वाकतो आणि पहिली चौकशी करतो ती काळोखीची. पानाला काळोखी आहे ना? मग बाकीचे प्रश्न निम्मे होतात. भोकरदन-सिल्लोडच्या मिरचीपट्ट्यात नर्सरी चालवणाऱ्या आक्कांना हे धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी त्यांची रोपं कधी फार काळी दिसली नाहीत. फिकट हिरवी, बुडाशी जांभळट, हाताला राकट. गिऱ्हाईक टिकून होतं ते दुसऱ्या कारणानं. आक्कांची रोपं लावली की नांग्या भरायला माणूस लावावा लागत नाही, ही गोष्ट पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारापर्यंत पोचली होती.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. एरवी या भागात विहिरीला थोडंफार पाणी असलं की लोक मल्चिंग आणि ठिबकवर पावसाआधीच मिरची लावून मोकळे होतात. त्या साली विहिरींनी तळ दाखवला होता, त्यामुळे ज्यांनी इसार देऊन रोपं बुक केली होती तेही फोनवर एकच सांगत होते, "आक्का, एक पाऊस पडू द्या, लगेच गाडी घेऊन येतो." शेडनेटखाली रोपं तयार होती. पस्तीस-चाळीस दिवसांचं रोप न्यायचं असतं, ती पन्नाशीकडे चालली होती.

ट्रेमधल्या रोपाला थांबता येत नाही, ही नर्सरीवाल्याची खरी अडचण. 98 खळग्यांच्या ट्रेमध्ये एका रोपाच्या वाट्याला चिमूटभर कोकोपीट येतं आणि डोक्यावर बोटभर जागा. पानाला पान लागलं की चढाओढ सुरू होते. शेजारच्या पानातून गाळून आलेल्या उजेडात लाल रंग कमी उरतो. रोप तेवढ्यावरून ओळखतं की आपल्याला कोणीतरी झाकतंय, आणि असेल नसेल ते बळ उंचीत घालतं. दोन पेरांमधलं अंतर वाढतं, बूड सुतळीसारखं राहतं, शेतात नेऊन लावलं की पहिल्या वाऱ्यात आडवं होतं. त्यात वरून जाळीची सावली, दोन वेळचं पाणी आणि गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून सोडलेलं 19:19:19. एवढं सगळं जमून आल्यावर रोप लांबणार नाही तर काय करणार?

आक्कांनी त्यांच्या पद्धतीनं सुरुवात केली होती. ट्रे उचलून एकाआड एक मांडायचे, मध्ये वारा खेळू द्यायचा. जाळी सकाळी गुंडाळायची आणि दुपारच्या चटक्यापुरतीच ओढायची. खत बंद. पाणी सकाळी एकदा, तेही पानं जराशी मलूल झाल्याशिवाय नाही. याला त्या ताण देणं म्हणत. काम किचकट, जागा दुप्पट खाणारं आणि पाठ मोडणारं. मजुरी वाढते आणि रोप दिसायला बिघडतं. पानाचा रंग उतरतो.

मदतीला त्यांचा भाचा होता. कृषी पदविका झाल्यावर दोन हंगाम नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात राबून आलेला, हुशार, कामसू, आणि मावशीचे कष्ट बघून खरोखर हळहळणारा. द्राक्षबागेत त्यानं संजीवकांचं राज्य पाहिलं होतं. मणी लांबवायला जीए, खरड छाटणीनंतर फुटीचा जोर आवरून काडीत घड धरायला सीसीसी. तिथला बागायतदार पिशवीतली ग्रॅमभर पूड हातात घेऊन 10 पीपीएमचा हिशेब बोटांवर सांगायचा. ग्रॅमला शंभर लिटर पाणी. भाच्यानं ते सगळं डायरीत उतरवून घेतलं होतं. टाकीत काठी फिरवायचं काम त्याचं असे. तोलायचं काम मालकाचं.

"मावशी, ही हमाली कशाला?" तो म्हणाला. "एक फवारा मारू. रोप जिथल्या तिथं थांबेल, बूड जाड होईल, वर काळोखी येईल. लोक पाऊस पडेपर्यंत थांबले तरी आपल्याला घोर नाही."

"कशाचा फवारा?"

"पॅक्लोब्युट्राझोल. दाजींकडे आहे."

दाजींची केसर आंब्याची बाग होती. गेल्या पावसाळ्यात झाडांच्या आळ्यात ओतून उरलेली अर्धी बाटली त्यांच्या पत्र्याच्या खोलीत पडली होती. बाटलीवर आंब्याचं चित्र, आंब्याचा डोस. झाडाच्या घेराच्या प्रत्येक मीटरला काही मिलिलिटर, असा. कोवळ्या मिरचीला किती द्यायचं, याबद्दल त्यावर एक अक्षर नव्हतं. आपल्याकडे बाटलीतली कुठलीही गोष्ट एक तर औषध असते नाही तर टॉनिक, आणि टॉनिकनं कोणाचं वाईट झालंय? दाजींनी बाटली दिली, वर चहाही पाजला.

आक्का तशा सहजासहजी कशाला मान डोलावणाऱ्या नव्हत्या. पण त्या दिवशी त्यांची कंबर धरली होती आणि निम्मे ट्रे अजून उचलायचे राहिले होते. त्या म्हणाल्या, "त्या बाजूच्या शेडला मार. माझ्या बाजूला हात लावू नको."

भाच्यानं पंधरा लिटरचा पंप भरला. डायरीत 10 पीपीएम लिहिलेलं होतं. 23 टक्क्यांच्या त्या बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये जवळजवळ पाव ग्रॅम औषध होतं. म्हणजे पंधरा लिटरला 10 पीपीएम साधायचं तर एक मिलीसुद्धा जास्तच झालं असतं, पाऊण मिलीच्याही आत थांबायला हवं होतं. एवढं मोजायला सुई काढलेली सिरिंज लागते. पंपाजवळ होतं ते बाटलीचं झाकण. झाकण दहा मिलीचं. आयुष्यभर प्रत्येक औषध पंपाला एक झाकण याच मापानं गेलेलं. त्याच्या वडिलांनीही तेच केलं होतं, दुकानदारही तेच सांगतो. त्यानं झाकण भरलं, ओतलं, आत पाण्यानं विसळून तेही पंपात टाकलं, थेंब वाया जायला नको म्हणून. मग ट्रेवर दोनदा हात फिरवला. पानांवरून ओघळलेलं पाणी कोकोपीटमध्ये मुरलं.

आठवड्याभरात त्या शेडचं रूप पालटलं. रोपं बुटकी, ठेंगणीठुसकी, पानं जाड आणि अशी काळीभोर की जाळीच्या सावलीत निळसर दिसावीत. एकही रोप मान टाकत नव्हतं. भाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवू लागला. "बघ मावशी, आठ दिवस झाले, सूतभर हललं नाही."

आक्का ट्रेजवळ बसल्या. त्यांनी एका रोपाचा शेंडा अंगठ्या-तर्जनीत धरून उलटा-सुलटा केला. शेंड्यात पानं होती, पण एकमेकांत रुतलेली, कडा आत वळलेली. गेल्या आठवड्यात जेवढी होती तेवढीच. मग त्या पलीकडच्या शेडमध्ये गेल्या, स्वतःच्या रोडक्या रोपांपैकी एक तसंच धरून पाहिलं. त्याला खत नव्हतं, पाणी बेताचं होतं, तरी मधोमध पोपटी रंगाचं एक नवं पान उलगडत होतं.

"याला नवं पान काहून नाही आलं रे?" त्यांनी विचारलं.

"थांबवलंय ना त्याला."

"थांबवलंय हे कळलं. सोडायचं कसं?"

याचं उत्तर डायरीत नव्हतं. भाचा म्हणाला, "शेतात गेलं की सुटेल आपोआप." त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला तसंच वाटत होतं.

आर्द्रा लागल्या आणि एका रात्रीत नाले वाहिले. सकाळी नर्सरीच्या फाटकाशी छोटा हत्ती, बैलगाड्या, मोटरसायकली, सगळ्यांची एकच घाई. आणि सगळ्यांना काळी रोपं हवी होती. बुकिंग कुणाचं कोणत्या शेडचं हे कोण ऐकतो! दोघांत तर कॅरेटवरून हातघाई व्हायची वेळ आली. आक्का दोन-चार जणांना म्हणाल्या, "माझ्या बाजूची न्या, ती लवकर धरतील." लोकांनी फिकट रोपांकडे बघितलं आणि म्हातारीला जुना माल खपवायचाय असं समजून हसून विषय टाळला. संध्याकाळपर्यंत काळी शेड रिकामी झाली. शेवटी आलेल्या एका शेतकऱ्याला काळे ट्रे पुरले नाहीत, म्हणून त्यानं कुरकुर करत उरलेल्या तासांपुरती फिकट रोपं घेतली.

तोच माणूस तीन आठवड्यांनी नर्सरीत आला. भांडायला नव्हे. "आक्का, माझ्यासोबत जरा रानात चला," एवढंच म्हणाला.

त्याच्या रानात कसल्याही पाटीची गरज नव्हती. एकाच मल्चिंगवर, एकाच ठिबकवर, एकाच दिवशी लावलेली मिरची बांधापासून अर्ध्यापर्यंत गुडघ्याकडे निघाली होती, फांदीला फांदी फुटत होती, पहिली फुलंही दिसत होती. तिथून पुढचे तास ट्रेमधून काढल्या दिवशी होते तसेच. काळेभोर, टवटवीत, रोग नाही, कीड नाही, मर नाही. कोणी फोटो काढला असता तर नर्सरीच्या जाहिरातीत शोभला असता. फक्त पिकाचं वय वाढत होतं आणि पीक वाढत नव्हतं. माणूस खाली बसला आणि त्यानं एक रोप मुळासकट उपटून आक्कांच्या हातात दिलं. कोकोपीटची हुंडी तशीच घट्ट होती, मुळं पांढरी, निरोगी.

"मूळ चांगलं, पान चांगलं," तो म्हणाला. "मग अडलंय कुठं?"

आक्कांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं मातीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं बाटली आणि ते रोप घेऊन कृषी विज्ञान केंद्रात गेले. तिथल्या मॅडमनी आधी बाटली वाचली, मग विचारलं, "किती घातलं?"

"झाकणभर."

"पंपाला?"

"हो."

मॅडमनी कागदावर आकडे मांडले आणि कागद त्याच्याकडे सरकवला. ठरवल्याच्या सोळा पट. रागावल्या नाहीत. उलट त्यांनी जी गोष्ट सांगितली ती भाच्याला त्याच्या पदविकेच्या पुस्तकात भेटली होती, पण तेव्हा ती परीक्षेपुरती होती.

भातावर एक बुरशीचा रोग पडतो. रोगट रोप शेजाऱ्यांपेक्षा उंच होतं, वाफ्यात उठून दिसतं, फिकट आणि सडपातळ, आणि बहुतेकदा दाणा भरायच्या आतच मरतं. जपानी शेतकऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. 1926 साली एइची कुरोसावा या शास्त्रज्ञानं तैवानमध्ये दाखवलं की ही उंची बुरशीनं पाझरलेल्या द्रवामुळे येते. बुरशी गाळून टाकली, नुसता द्रव दिला, तरी रोप तसंच लांबतं. पुढे जपानमध्येच त्या द्रवातून जिबरेलिन वेगळं निघालं, आणि मग लक्षात आलं की निरोगी झाडंही ते स्वतःपुरतं, गरजेपुरतं बनवतच असतात. आज द्राक्षाला मारतो तो जीए हाच. "आणि तुम्ही आणलेली ही बाटली," मॅडम म्हणाल्या, "रोपाचं ते बनवणंच बंद करते. पेशी होतात, पण ताणल्या जात नाहीत. हिरवेपणा तेवढाच, पण छोट्या पानात दाटलेला. म्हणून काळोखी."

"म्हणजे ताकद वाढत नाही?"

"बेतानं दिलं तर पेर आखूड होतं, बूड थोडं जाड होतं, मूळ बरं राहतं. त्याचा उपयोग आहेच. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीच्या रोपांना याच घराण्यातलं युनिकोनॅझोल द्यायला परवानगी आहे. पण 10 पीपीएमच्या वर नाही, आणि तेही रोप अगदी लहान असतानाच. कारण नंतर त्याला वाढायचं असतं. आणि खाऊ मात्र यातलं कोणीच घालत नाही. ते ऊन, हवा, पाणी यातूनच यायचं."

"मॅडम, मग आता जीए मारून सोडवू का?" भाच्यानं घाईनं विचारलं.

"एका तासावर मारून बघ. सगळ्या रानावर नको. हे औषध पानापेक्षा खोडातून आणि मुळातून जास्त शिरतं आणि वर चढत राहतं. तुमच्या हुंडीत ते मुरलंय, रोपासोबत शेतात गेलंय. मुळं हुंडीबाहेरच्या मातीत पसरली की हळूहळू सुटेल. पाणी द्या, तण काढा, वर आणखी काही ओतू नका."

भाच्यानं एका तासावर जीए मारला. रोपं सुटली, नाही असं नाही. खाली बोटभर उंचीत पाच-सहा पानांचं गिचमिड आणि त्याच्यावर एकदम लांबच लांब, पिवळट, पोकळ वाटावीत अशी पेरं. पावसाच्या पहिल्या जोराच्या सरीत ती नेमकी त्या जोडावर वाकली. उरलेले तास त्यानं नुसते ठेवले, आणि ते आपल्या गतीनं, महिना उलटल्यावर, चालू लागले. पण तोवर लवकरच्या तोड्याचा भाव निघून गेला होता. बाजारात गाड्यांची रांग लागते तेव्हाच त्यांची मिरची आली.

आक्कांनी बुकिंगची वही काढली आणि काळ्या शेडमधून रोपं नेलेल्यांच्या घरी एकेक करून गेल्या. भाच्याला बरोबर घेतलं. बोलायचं त्यानं, अशी अट. काय मारलं, किती मारलं, हे त्यानंच सांगायचं. रोपांचे पैसे परत. हा प्रवास काही गोड नव्हता. एकानं पैसे मोजून घेतले आणि वर हंगामाचं नुकसान मागितलं, ते त्यांच्याकडे नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, माझंच चुकलं, काळी बघून भुललो, आणि पैशांना हात लावला नाही. एका घरी तर भाच्याचं बोलणं संपल्यावर घरधन्यानं विचारलं, "ते औषध उरलंय का थोडं? माझी कपाशी फार माजलीय." या प्रश्नावर आक्का मोठ्यानं हसल्या. त्या हंगामात त्या पहिल्यांदाच हसल्या असाव्यात.

पुढच्या वर्षी नर्सरीत दोन गोष्टी नव्या आल्या. पंपाच्या खोलीत खिळ्याला सिरिंजा टांगल्या गेल्या, एक मिली आणि पाच मिलीच्या, आणि झाकणानं मापायला बंदी झाली, बुरशीनाशकापासून निंबोळी अर्कापर्यंत सगळ्याला. दुसरी गोष्ट भाच्यानं सुचवली. प्रत्येक शेडच्या कोपऱ्यातल्या एका ट्रेमधल्या चार रोपांना तो दर सोमवारी सर्वांत नव्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैलसर बांधू लागला. पुढच्या सोमवारी दोऱ्याच्या वर किती पानं आली ते वहीत. ताण जास्त झाला तर वही सांगे, पाणी जास्त झालं तर पेराची लांबी सांगे. ट्रे विरळ मांडायला त्यानं लोखंडी मांडव केले, मावशीला वाकावं लागू नये म्हणून. कमरेचा प्रश्न खरा होता; त्यासाठी बाटली लागत नव्हती एवढंच.

जूनमध्ये एक शेतकरी छोटा हत्ती घेऊन आला. शेडमध्ये फिरला, वाकून बघितलं, उठला.

"रोपं चांगली हायेत," तो म्हणाला, "पण काळोखी नाही. तुमच्याकडे मागल्या वर्षी एकदम काळी रोपं होती म्हणे. माझ्या साडूनं नेली होती."

"होती," भाचा म्हणाला. "साडूला विचारलं का, पुढं काय झालं?"

"तो काय सांगतो! त्याला काही पिकवता येत नाही."

भाच्यानं झालं ते सगळं सांगितलं. वही उघडून दोऱ्यांचा हिशेब दाखवला. माणूस ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्याची नजर फाटकाबाहेर रस्त्यावर होती.

"मग काळी रोपं आता कुठं मिळतील?"

भाच्यानं रस्ता सांगितला. पुढच्या फाट्याला डावीकडे, पेट्रोल पंपाच्या मागं. "घेण्याआधी त्यांना एवढं विचारा, शेवटचं नवं पान कधी आलं."

"पानं मोजत कोण बसणार?" माणूस गाडीत चढत म्हणाला. "पाऊस पडलाय, भाड्याची गाडी उभी आहे."